घरचा डॉक्टर कोठे घडतो?

‘फॅमिली डॉक्टर’ हे दोन शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत की त्यांना प्रतिशब्द शोधण्याच्या खटपटीला कोणी फारसे लागले नाही. घरात बारसे असो की मुंज, ह्या गृहस्थाला बोलावणे असायचेच. आणि म्हाताऱ्या माणसाने अंथरूण धरले म्हणजे ‘डॉक्टरांना कळवा’ ह्या वाक्यातले डॉक्टर कोण, हे कोणाला विचारावे लागत नसे. इतक्या घरोब्याच्या माणसाविषयी एक साधा प्रश्न मात्र आपण सहसा विचारलेला नसतो. हा मनुष्य आपले काम शिकला कोठे? शस्त्रक्रिया करणारा शस्त्रक्रिया शिकतो, डोळ्यांचा डॉक्टर डोळे शिकतो. त्यांनी किती वर्षे उमेदवारी केली हे त्यांच्या पाटीवरच्या अक्षरांवरून समजते. घरच्या डॉक्टराने उमेदवारी केली ती कोणापाशी?

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर फार काळ ‘कोणापाशीच नाही’ असे होते. वैद्यकाची महाविद्यालये शतकानुशतके चालली, पण सामान्य व्यवसायाचे स्वतंत्र अध्यासन जगात पहिल्यांदा निघाले ते एडिंबरो विद्यापीठात, १९६३ साली. तोवरची समजूत अशी की, ज्याने पुढे काही विशेष अभ्यास केला नाही तो हा सामान्य डॉक्टर होय. म्हणजे त्याची व्याख्या त्याला काय येते ह्यावरून होत नसे, काय येत नाही ह्यावरून होत असे. एखाद्या सुताराची ओळख ‘लोहार न झालेला माणूस’ अशी करून द्यावी, तसाच हा प्रकार!

ही समजूत खोडून काढण्यात ज्यांनी आपले आयुष्य घालविले त्यांपैकी एका डॉक्टराच्या कामाच्या आधाराने हा विषय समजून घ्यावा असा आमचा विचार आहे. त्यांचे नाव इअन मॅक्व्हिनी. त्यांनी चौदा वर्षे इंग्लंडातील एका लहान गावात रोगी तपासले आणि पुढील आयुष्य कॅनडात तरुण डॉक्टरांना तेच काम शिकविण्यात वेचले. आम्ही ह्याच व्यवसायातले असल्यामुळे त्यांच्याविषयी आम्हाला पक्षपात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांच्या कथेची सुरुवात मात्र दुसऱ्याच एका डॉक्टरापासून करावी लागते. लँकशर परगण्यात बर्न्ली नावाचे गाव आहे. कापडाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी ह्यांचे हे कामकरी गाव. तेथे १८७९ साली जेम्स मॅकेंझी नावाचा एक स्कॉटिश तरुण व्यवसायासाठी आला. त्याच्या देखरेखीखालची एक तरुण स्त्री बाळंतपणात हृदय थकून मरण पावली. हिच्या हृदयाची अवस्था आपल्याला आधी ओळखता आली असती काय, ह्या विचाराने त्याला घेरले. पुस्तकांत उत्तर मिळेना. कारण पुस्तके लिहिणारे होते मोठ्या रुग्णालयांतले, आणि त्यांच्यापुढे रोगी येत ते रोग पुरता पिकल्यावर. मग मॅकेंझीने एका घड्याळजीच्या मदतीने एक यंत्र तयार करविले. मानेतील शीर आणि हातातील नाडी ह्या दोहोंचे ठोके एकाच वेळी कागदावर उमटविणारे ते यंत्र होते. त्यावर त्याने आपल्या गिरणीकामगारांच्या नाड्या उतरवून घेतल्या, आणि एकदा उतरवून थांबला नाही. तीच माणसे वर्षानुवर्षे त्याच्याकडे येत होती, तो वर्षानुवर्षे त्यांच्या नाड्या उतरवीत राहिला.

ह्यातून जे निघाले ते पाहण्यासारखे आहे. नाडीचा ठोका मध्येच चुकतो म्हणून त्या काळी धडधाकट माणसांना अंथरुणावर निजवून ठेवीत, मुलांना खेळू देत नसत. मॅकेंझीने दाखवून दिले की अशा चुकणाऱ्या ठोक्यांपैकी बरेचसे निरुपद्रवी असतात. ती माणसे वीस वर्षांनीही त्याच्यासमोर हिंडत-फिरत होती. काही प्रकारची अनियमितता मात्र खरोखर धोक्याची असते, तीही त्याने निराळी काढली. हे कोणत्याही रुग्णालयात कळणे शक्य नव्हते, कारण रुग्णालयाला वीस वर्षे नसतात. त्याला पंधरा दिवस असतात. १९०२ मध्ये त्याचा नाडीवरील ग्रंथ निघाला, १९०७ मध्ये तो लंडनला गेला, हृदयरोगाचा मोठा जाणकार म्हणून गाजला, ‘सर’ झाला. आणि १९१९ मध्ये तो भरभराटीचा व्यवसाय सोडून देऊन स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गेला. स्थानिक डॉक्टरांना हाताशी धरून रोगांच्या अगदी पहिल्या लक्षणांचा अभ्यास करावा म्हणून त्याने तेथे संस्था काढली. ज्याला रोग अंकुरतानाच पाहायचा असेल त्याने गावच्या दवाखान्यात बसले पाहिजे, हे त्याचे म्हणणे. १९२५ साली तो हृदयविकारानेच वारला, आणि त्याच्यामागे ती संस्था बहरली नाही.

त्यानंतर एका वर्षाने, १९२६ साली, त्याच बर्न्ली गावात एका डॉक्टराच्या घरी इअन मॅक्व्हिनी ह्यांचा जन्म झाला. हा योगायोगच, पण काही योगायोग सांगावेसे वाटतात. केंब्रिज आणि लंडन येथे शिक्षण आटोपल्यावर मॅक्व्हिनी १९५४ मध्ये वडिलांच्याच दवाखान्यात रुजू झाले. तोवर वडील शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला येऊन राहिले होते. लवकरच मुलाच्या ध्यानात आले की रुग्णालयात शिकलेले वैद्यक येथे पुरे पडत नाही. ह्याचा अर्थ ते खोटे होते असा नव्हे. त्याची जागा दुसरी होती. १९६४ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचा विषय रोगाची प्रारंभीची चिन्हे, म्हणजे मॅकेंझीने जेथे सोडले होते नेमके तेथून पुढे.

रुग्णालयातले वैद्यक येथे का पुरे पडत नाही, हे आता नीट पाहू. ह्या लेखाचा गाभा तोच आहे, तेव्हा थोडी आकडेमोड सोसावी लागेल.

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटन येथील माहितीवरून एक हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घ्या आणि त्यांच्याकडे एक महिनाभर लक्ष ठेवा. त्यांपैकी सुमारे ७५० जणांना महिन्यात काहीतरी दुखते-खुपते. २५० जण डॉक्टराकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात ठेवावे लागते. ५ जणांना त्यांचा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टराकडे पाठवितो. आणि विद्यापीठाच्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयात पोचतो तो हजारांत एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, हाच हिशेब पुन्हा मांडण्यात आला तेव्हाही चित्र फारसे पालटलेले नव्हते.

आता आपल्या भावी डॉक्टरांचे शिक्षण कोठे होते? त्या हजारांतल्या एकापाशी! आणि आयुष्यभर काम कोणात करावयाचे? त्या अडीचशेंत. नदी शिकायची तर समुद्राच्या मुखाशी उभे राहून शिकायची, आणि मग नोकरी उगमापाशी करायची, असा हा मामला आहे.

कोणी म्हणेल, ज्याला मोठे रोग ओळखता येतात त्याला लहान रोग ओळखणे सोपेच जाईल. वस्तुस्थिती उलटी आहे, आणि ती गणिताने दाखविता येते. समजा, एखाद्या रोगासाठी एक चाचणी आहे आणि ती बरीच चांगली आहे: रोग असलेल्या शंभरांत नव्वदांना ती बरोबर पकडते, आणि रोग नसलेल्या शंभरांत नव्वदांना बरोबर सोडून देते. मोठ्या रुग्णालयात संशयित म्हणून जे हजार लोक आले त्यांतल्या निम्म्यांना तो रोग आहे असे धरू. चाचणी ४५० रोग्यांना पकडील आणि ५० निरोग्यांनाही चुकून पकडील. म्हणजे चाचणीने बोट दाखविलेल्या ५०० माणसांपैकी ४५० खरोखरच रोगी. निवासी डॉक्टराचा त्या चाचणीवर विश्वास बसतो, आणि तो योग्यच आहे.

हीच चाचणी घेऊन तो गावच्या दवाखान्यात येतो. येथे तेच लक्षण सांगत येणाऱ्या हजारांत तो रोग असलेले असतात, समजा, दहा. चाचणी त्यांतल्या ९ जणांना पकडते. पण निरोगी आहेत ९९०, आणि त्यांतल्या ९९ जणांवरही ती बोट ठेवते. एकूण १०८ जणांवर शिक्का बसला, आणि त्यांत खरे रोगी निघाले नऊ. बारांत एक! चाचणी तीच, डॉक्टर तोच, पुस्तक तेच. जागा बदलली आणि ज्ञानाचा अर्थ बदलला. उरलेल्या ९९ जणांना आता पुढच्या तपासण्या, चिंता, खर्च आणि रात्रीची जागरणे. वृत्तपत्रांत ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतींच्या जाहिराती आपण वाचता, त्या वाचताना हे गणित जवळ ठेवावे.

मग दवाखान्यातला डॉक्टर निदान करतो कशाच्या बळावर? त्याच्यापाशी एक साधन असते ते रुग्णालयापाशी नसते. ते साधन म्हणजे काळ, आणि दोन्ही अंगांनी. मागचा काळ म्हणजे ह्या माणसाची आधीची ओळख. जो गृहस्थ पंधरा वर्षांत कधी दवाखान्याची पायरी चढला नाही, तो जेव्हा ‘जरा पोटात दुखतंय’ म्हणतो, तेव्हा ते वाक्य गंभीर असते. दर महिन्याला पोटदुखी घेऊन येणाऱ्याने तेच म्हटले तर त्याचा अर्थ निराळा. ऐकणाराला बोलणारा माहीत असेल तरच हा फरक कळतो. पुढचा काळ म्हणजे ‘दोन दिवस पाहू’ हे वाक्य. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. वस्तुतः विचारपूर्वक वापरलेली ती चाचणीच असते. साधा ताप तीन दिवसांत उतरतो, न उतरणारा आपले नाव सांगू लागतो. मात्र अट अशी की डॉक्टराने काय झाले तर ताबडतोब यायचे हे स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि तो रोगी परत त्याच्याकडेच आला पाहिजे. दोन दिवसांनी रोगी दुसऱ्या डॉक्टराकडे गेला तर दोन दिवसांची चाचणी फुकट गेली. तिसऱ्याकडे गेला तर तो बिचारा पहिल्यापासून सुरुवात करतो, बहुधा रक्ततपासणीने.

हे सारे शिकविता येते काय? मॅक्व्हिनी ह्यांचे म्हणणे होते, येते; पण त्याची शाळा निराळी हवी. १९६४-६५ च्या सुमारास ते अमेरिकेत हिंडून आले, आणि १९६६ मध्ये सामान्य व्यवसाय ही स्वतंत्र विद्याशाखा आहे असा लेख त्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात लिहिला. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरी वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठाने त्यांना कौटुंबिक वैद्यकाचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. कॅनडातले हे ह्या विषयाचे पहिले अध्यासन. पुढच्याच वर्षी अमेरिकेतही कौटुंबिक वैद्यकाला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली.

येथे ‘रेसिडेंट’ ह्या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे निवासी डॉक्टर म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो सरकारी रुग्णालयातला, छत्तीस तास न झोपलेला, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात धावणारा तरुण. पदवी झाल्यावर हाताने काम करीत शिकण्याची ही उमेदवारी होय. कौटुंबिक वैद्यकाचा निवासी डॉक्टर मात्र नावाचाच निवासी. तो काही महिने रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत काढतो खरा, परंतु त्याची मुख्य शाळा म्हणजे चालता दवाखाना. तेथे त्याला स्वतःच्या रोग्यांची एक यादी मिळते. ती माणसे त्याची. त्यांना खोकला झाला तर त्याने पाहायचे, त्यांच्या घरी मूल झाले तर त्याने पाहायचे, त्यांची आजी अंथरुणाला खिळली तर घरी जाऊन तिलाही त्यानेच पाहायचे. शिक्षक शेजारच्या खोलीत असतो. कधी तो एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागून पाहतो, कधी भेटीचे चित्रण दोघे मिळून नंतर पाहतात, आणि पुष्कळदा तर दोन रोग्यांच्या मधल्या पाच मिनिटांत दारात उभ्या-उभ्याच शिकवणी होते. आणि मुख्य म्हणजे शिक्षकाने स्वतः रोगी पाहणे सोडलेले नसते. जो स्वतः पोहत नाही त्याने काठावरून पोहणे शिकवू नये, इतके साधे हे तत्त्व आहे.

रुग्णालयातून आलेल्या तरुणाला येथे आधी काही गोष्टी विसराव्या लागतात. पहिली म्हणजे घाई. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल ह्या दोघांनी डॉक्टर-रोगी भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. रोगी आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडीत असे. ७४ भेटींपैकी जेमतेम १७ भेटींत रोग्याला आपले पहिले निवेदन पुरे करता आले. आता डॉक्टर म्हणणार, बोलू दिले तर हा अर्धा तास थांबणार नाही. त्याचीही मोजदाद झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथील एका बाह्यरुग्ण विभागात ३३५ रोग्यांना मुद्दाम न अडविता बोलू दिले, तेव्हा त्यांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दीड मिनिट! आमचा मराठी रोगी दोन मिनिटे घेईल असे धरू, कारण तो सुरुवात शेजाऱ्याच्या आजारापासून करतो.

दुसरी विसरायची गोष्ट अधिक अवघड. रुग्णालयात शिकलेला डॉक्टर रोगाचा शोध घेतो आणि रोग सापडला नाही म्हणजे ‘काही नाही’ असे म्हणतो. समोरच्या बाईचे डोके मात्र दुखतच असते. समजा, चाळिशीची एक बाई महिनाभर डोके दुखते म्हणून आली. तपासणीत काही निघाले नाही. नवशिका डॉक्टर गोळी लिहून देतो किंवा मेंदूची प्रतिमा काढून आणायला सांगतो. शिक्षक त्याला विचारतो: हिला स्वतःला काय झाले असे वाटते? ती कशाला भ्यायली आहे? ह्या दुखण्यामुळे तिचे कोणते काम अडले आहे? आणि ती तुझ्याकडून काय अपेक्षा करून आली आहे? ही चार उत्तरे तुझ्यापाशी नसतील तर आत जा आणि विचारून ये. तो आत जातो आणि त्याला कळते की गेल्याच महिन्यात बाईची मावसबहीण मेंदूतल्या गाठीने गेली, तिचेही दुखणे असेच सुरू झाले होते. आता उपचाराला दिशा आली. कदाचित प्रतिमा काढावीही लागेल. परंतु ती का काढायची आणि तिच्यात काही न दिसल्यावर काय बोलायचे, हे आता डॉक्टराला माहीत आहे. हे चार प्रश्न कॅनडात आणि इतरत्रही कौटुंबिक वैद्यकाच्या निवासी डॉक्टरांकडून अक्षरशः घोटून घेतले जातात.

ही पद्धत कशी सापडली त्याची गोष्ट गमतीची आहे. दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ लेव्हेनस्टीन नावाचे एक सामान्य व्यावसायिक डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांचे काम पाहिले आणि विचारले, तुम्ही हे करता तरी कसे? डॉक्टरांना उत्तर देता येईना. मग त्यांनी स्वतःच्याच रोग्यांशी झालेले संवाद ध्वनिमुद्रित करून ऐकायला सुरुवात केली. जेथे रोग्याने टाकलेला शब्द त्यांनी उचलला होता तेथे भेट सुफळ झाली होती. जेथे तो शब्द कानाआड केला होता तेथे बिनसले होते. १९८० नंतर लवकरच ते मॅक्व्हिनींच्या विभागात पाहुणे अध्यापक म्हणून गेले. त्यांचे निरीक्षण आणि त्या विभागाची चिकाटी ह्यांतून ‘रुग्णकेंद्री’ म्हणतात ती पद्धत आकाराला आली. उत्तम वैद्याच्या हाताला यश असते असे आपण म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. येथे त्या यशाचे पदर उलगडून ते दुसऱ्याच्या हाती देता येईल असे करण्याची खटपट झाली. आमच्या मते शिक्षक म्हणून ह्या मंडळींची खरी कामगिरी ही.

त्यांच्याही आधी, १९५० नंतरच्या दशकात, लंडनमध्ये मायकेल बॅलिन्ट हा मनोविश्लेषक सामान्य डॉक्टरांना गोळा करून त्यांच्या अवघड रोग्यांवर आठवड्याच्या आठवड्याला चर्चा घडवीत असे. त्याचा निष्कर्ष असा की सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. आणि त्याची मात्रा किती, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे मात्र कोणत्याच औषधकोशात लिहिलेले नाही.

येथवर सगळे गोडच चालले आहे. परंतु ह्या शिक्षणाच्या पोटात एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. घरच्या डॉक्टराचे सामर्थ्य दीर्घ ओळखीत आहे असे आपण म्हटले. नॉर्वेमध्ये प्रत्येक नागरिकाची एका ठरावीक डॉक्टराकडे नोंद असते. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता त्यांच्यात, एक वर्षाचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेने, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळली. सारे श्रेय ओळखीलाच द्यावे की नाही ह्याबद्दल वाद होऊ शकेल, कारण स्थिर आयुष्याची माणसेच डॉक्टर बदलत नसावीत. तरी ओळख जितकी जुनी तितका फरक वाढत गेलेला दिसतो, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

आणि निवासी डॉक्टर कॅनडात राहतो दोन वर्षे, अमेरिकेत तीन! ज्याला पंधरा वर्षांची विद्या शिकवायची तो दोन वर्षांत निघून जाणार. रोग्यांच्या बाजूने पाहिले तर दर दोन-तीन वर्षांनी नवा चेहरा, पुन्हा तीच कहाणी. मधुमेहाच्या एखाद्या म्हाताऱ्या रोग्याने दहा वर्षांत चार-पाच तरुण डॉक्टर घडविलेले असतात, आणि त्याला कोणी मानधन देत नाही. ह्यावर तोड काय? मुख्य तोड म्हणजे शिक्षक तेथेच राहतो. रोगी ओळखतात दवाखान्याला, परिचारिकेला आणि शेजारच्या खोलीतल्या त्या वडीलधाऱ्या डॉक्टराला. तरुण त्याच्या ओळखीच्या सावलीत काम करतो. जाणाराने येणाराला माणसामाणसाने ओळख करून द्यायची असते, नुसता कागद हवाली करून भागत नाही. तरीही हा पेच पुरा सुटत नाही, आणि सुटला आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने त्या म्हाताऱ्याला विचारावे.

मॅक्व्हिनी जवळजवळ दोन दशके विभागाचे प्रमुख होते. १९८९ साली त्यांचे पाठ्यपुस्तक ह्या नावाने आले, ते अनेक देशांत वाचले गेले. विद्यार्थ्याने रोग्याच्या घरी गेले पाहिजे ह्यावर त्यांचा कटाक्ष शेवटपर्यंत राहिला. घरी गेल्यावर औषधाच्या बाटल्या कोठे ठेवल्या आहेत, जिना किती उभा आहे, स्वयंपाक कोण करते, हे दिसते. दवाखान्यात तेच विचारले तर ‘सगळं व्यवस्थित आहे’ असे उत्तर मिळते. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यांचा रोग बरा होण्यासारखा नाही अशांच्या शुश्रूषेत लक्ष घातले. २०१२ मध्ये ते वारले.

आता आपल्या घराकडे वळू. १९४६ च्या भोर समितीने प्रत्येक वैद्यकीय पदवीधराला समाजाचा डॉक्टर बनविण्याची भाषा केली होती. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तर असे उद्दिष्ट मांडले की पदव्युत्तर जागांपैकी पाव हिस्सा सार्वजनिक आरोग्य आणि कौटुंबिक वैद्यक ह्यांना मिळावा. धोरण उत्तम होते. आपल्या धोरणांच्या भाषेला नावे ठेवायला जागा नसतेच. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा कौटुंबिक वैद्यकाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि केरळात कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयाने २०१० नंतरच्या काही वर्षांत ह्या विषयात एम. डी. सुरू केले. पण पाव हिस्सा ही गोष्ट फार दूर राहिली. आमच्या ओळखीच्या तरुणांत हुशार मुलगा सामान्य व्यवसायात राहिला तर नातेवाईक आजही हळूच विचारतात, ‘पुढे काही जमलं नाही का?’

२०२२ पासून वैद्यकाच्या पदवीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच गावातली काही कुटुंबे दत्तक देण्याची योजना आली आहे. त्याने त्यांच्याकडे पुनःपुन्हा जावयाचे आणि त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवावयाचे. कल्पना चांगली आहे. परंतु तेथे त्याच्याबरोबर जाणारा कोण? महाविद्यालयातला अध्यापक, ज्याने बहुधा स्वतः कधी कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम केलेले नाही. ज्यांनी केले आहे, ते आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत बसलेले आहेत. त्यांतले पुष्कळ साठीच्या पुढे गेले आहेत, त्यांची मुले दुसऱ्या शाखांत किंवा दुसऱ्या देशांत आहेत, आणि एके दिवशी दवाखाना बंद होतो. जागा विकली जाते, खाली औषधांचे किंवा मोबाइलचे दुकान येते. कोणत्या घरात दमा आहे, कोणत्या घरात दारू आहे, कोणती सून ‘अंग दुखतंय’ म्हणते तेव्हा खरे काय दुखत असते, ही तीस-चाळीस वर्षांची नोंद कोणत्याच केसपेपरात नसते. ती डॉक्टराबरोबर घरी जाते.

ब्रिटनमध्ये अशाच डॉक्टरांना शिक्षक म्हणून मान्यता देण्याची पद्धत आहे. तरुण डॉक्टर आपल्या तीन वर्षांच्या उमेदवारीपैकी बराचसा काळ त्यांच्या दवाखान्यात काढतो, आणि शिकविण्याच्या वेळेबद्दल त्या दवाखान्याला मोबदला मिळतो. गावचा दवाखाना हेच तेथे महाविद्यालयाचे अंग बनते. आपल्याकडे असे करावयाचे तर इमारत बांधावी लागणार नाही. तपासण्याची आणखी एक खोली लागेल, एक खुर्ची लागेल, शिक्षकाला दिवसाचे दहा-पंधरा रोगी कमी पाहावे लागतील आणि त्याची भरपाई कोणीतरी करावी लागेल. आणि एका गोष्टीची परवानगी आपणां सर्वांना द्यावी लागेल. आपल्या डॉक्टरांच्या शेजारी एक तरुण मुलगी किंवा मुलगा बसलेला असेल, डॉक्टर म्हणतील, ‘आज आधी ह्यांना सांगा, मी मागाहून येतो’. त्या वेळी आपण काय म्हणणार? ‘नाही’ म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तसे म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये. ‘हो’ म्हणालात, तर त्या मुलाला दीड मिनिट अखंड बोलून दाखवा आणि तो मध्ये तोडतो का पाहा.